माळ्यावरचा संगणक वसतिगृहाचा ‘सर्व्हर’ होतो तेव्हा

दहा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला संगणक आज अनेक घरांत माळ्यावर धूळ खात असतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०च्या नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या आणि त्यांत भर पडली, कारण पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. हितचिंतक विचारतात, “हा मुलांना चालेल का?” चालेल. पण एका मुलापुढे ठेवण्यापेक्षा साऱ्या वसतिगृहाचा सर्व्हर म्हणून तो अधिक कामाला येतो.

सर्व्हर म्हणजे काही निराळे यंत्र नव्हे. सतत चालू राहून इतरांनी मागितलेली माहिती पुरवणारा कोणताही संगणक हा सर्व्हरच. एकदा बसवला की त्याला पडदाही लागत नाही. शेजारी साधा वायफाय राउटर ठेवायचा. येथे बहुतेकांची गफलत होते: वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. राउटरला बाहेरची जोडणी नसली तरी टॅबलेट किंवा शिक्षकांचा मोबाइल त्याच्यामार्फत त्या संगणकापर्यंत पोहोचतो. ज्या पाड्यावर रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तेथे याचे मोल निराळे सांगायला नको.

डेबियन ही मोफत लिनक्स प्रणाली ४ जीबी रॅमवर सर्व्हरसाठी व्यवस्थित चालते. तिच्यावर किविक्स बसवून विकिपीडिया ठेवता येतो, कोलिब्रीवर धड्यांचे व्हिडिओ आणि सराव-प्रश्न. सारे शहरात एकदा उतरवून घ्यायचे. पुढे नेटचा खर्च नाही.

आमच्या मते याहून मोठा उपयोग कागदपत्रांचा आहे. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, वनहक्क दाव्याची पोच हे सारे घरी पत्र्याच्या पेटीत असते आणि पावसाळ्यात छप्पर गळते. स्कॅन केलेली प्रत मूळ कागदाची जागा घेत नाही. पण दाखल्याचा क्रमांक आणि तारीख हाताशी असली की दुसरी प्रत मागताना हेलपाटे वाचतात. हे फोल्डर पासवर्डने बंद ठेवावे, मुलांच्या टॅबलेटवर दिसू देऊ नये. आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या इमारतीत हवीच. जुन्या हार्ड डिस्कवर विसंबू नये. नवी एसएसडी घालावी, यंत्राचा वेगही सुधारतो.

डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप बरा. तो साधारण २० वॅटवर चालला तर दिवसाला अर्धा युनिट वीज लागते, आणि वीज गेली तरी बॅटरी थोडा वेळ तग धरते. मात्र बॅटरी फुगलेली दिसली तर तो लावू नये. बॅटरी जाणकाराकडून काढून घ्यावी, घरी टोचाटोची करू नये. डेस्कटॉप असल्यास वीज परत आल्यावर तो आपोआप सुरू होईल अशी सोय त्याच्या बायोसमध्ये बहुधा असते. ती चालू केली नाही तर रात्री वीज जाऊन आल्यावर सकाळी सर्व्हर बंद, आणि बटण कुठले हे कुणालाच ठाऊक नाही!

संगणक देण्यापूर्वी आपले फोटो, बँकेची कागदपत्रे काढून घ्या आणि डिस्क पूर्ण पुसून घ्या. लॅपटॉपबरोबर चार्जर आठवणीने पाठवा. त्या जुन्या मापाचा चार्जर नंतर बाजारात शोधत फिरावे लागते.