पंधरा लाख वर्षं चाललेलं मॉडेल!

तुमचा हॅण्डसेट किती वर्षं टिकतो? दोन? फार तर तीन. मग नवं मॉडेल येतं आणि जुनं ड्रॉवरमध्ये जातं. आता हे ऐका. वीकएन्डला आपण गाड्या घेऊन ज्या गंगापूरकडे सुसाट सुटतो ना, तिथेच गोदावरीच्या जुन्या गोट्यांच्या थरात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांना दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या होत्या. हातकुऱ्हाडीचं हे डिझाइन जगभरात मिळून पंधरा लाख वर्षं चाललं, तेही फारसं अपग्रेड न होता! ते आपल्या आधीच्या मानवांनी काढलेलं. आपण होमो सेपियन्स जेमतेम तीन लाख वर्षांचे.

आता आकड्यांत आपण सुपरहिट आहोत, मान्य. नोव्हेंबर 2022 मध्ये जगाची लोकसंख्या 800 कोटींवर गेली. पण गर्दी म्हणजे टिकणं नव्हे.

हे शिकायलाही लांब जायला नको. नाशिकमधली मातीची गढी आणि संगमनेरजवळचं जोर्वे इथे 1950-51 मध्ये उत्खनन झालं. त्या जोर्वे गावाचं नाव मिळालेली संस्कृती म्हणजे महाराष्ट्राचे सुरुवातीचे शेतकरी. तांब्याची हत्यारं, तोटीची रंगवलेली मडकी, बार्लीचं पीक, एकदम सेटल्ड मंडळी! शिरूर तालुक्यातल्या इनामगावात तर त्यांनी घोड नदीचं पुराचं पाणी वळवायला बांध आणि पाट बांधला होता. म्हणजे टेक्नॉलॉजी होतीच.

तरी इसवी सनापूर्वी 1000च्या सुमारास गोदावरी, प्रवरा खोऱ्यातली त्यांची बहुतेक गावं ओस पडली. इनामगाव खणणारे म. के. ढवळीकर यांच्या मते कारण होतं पाऊस. तो कमी होत गेला.

मला खरी इंटरेस्टिंग वाटते ती यानंतरची गोष्ट. इनामगावची माणसं आणखी सुमारे 300 वर्षं तिथेच तग धरून राहिली. ऐसपैस चौकोनी घरं गेली, छोट्या गोल झोपड्या आल्या. शेती कमी, गुरं आणि शिकार जास्त. आपण याला डाउनग्रेड म्हणू (आणि ईएमआय आठवून घाबरू). पण तेवढ्यावर बारा-पंधरा पिढ्या निघाल्या, हे काय कमी आहे?

आपल्याला हे जमेल? मला शंका आहे. अख्खं शहर मुख्यतः गंगापूर धरणाच्या भरवशावर, आणि टॉवर तर वाढतच चाललेत. 2016 च्या एप्रिलमध्ये रामकुंड कोरडं पडलं होतं, आठवतंय?

माझा एक इंजिनीअर मित्र म्हणतो, ‘टेन्शन कशाला घेतेस? मंगळावर जाऊ!’ तिकीट कन्फर्म होईपर्यंत प्यायचं काय, असं मी विचारलं. त्याने विषय बदलला आणि मिसळ मागवली.