अपूची छत्री

बोलपट पाहून बाहेर पडणारी माणसे काय बोलतात, ते एकदा कान देऊन ऐकावे. कथा कशी होती, गाणी कशी होती, नायिकेचे काम कसे झाले! पडद्यावरच्या एखाद्या लोट्याविषयी किंवा छत्रीविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. आम्हा मास्तर मंडळींची खोड नेमकी उलटी. आम्हाला जिथे तिथे प्रतीक दिसते. दिवा विझला की प्राण गेला, पिंजरा दिसला की पारतंत्र्य आले! वस्तू बिचारी बाजूलाच राहते.

या दोन्ही खोडींवर एक उत्तम उतारा आहे. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ हा १९५५ सालचा बंगाली चित्रपट. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. राय मूळचे जाहिरात-संस्थेतले चित्रकार. या कादंबरीच्या मुलांसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे त्यांनीच काढली होती. तेव्हा ही कथा त्यांनी आधी डोळ्यांनी वाचली, असे म्हटले तरी चालेल.

कथा एका गरीब भिक्षुकाच्या घरची. बाप हरिहर पोटामागे बाहेरगावी गेलेला. घरी आई सर्वजया, मुलगी दुर्गा आणि धाकटा अपू. पहिल्या पावसात दुर्गा मनसोक्त भिजते, तापाने फणफणते आणि एका वादळी रात्री जाते.

त्यानंतरचे एक दृश्य पाहा. अपू घराबाहेर पडतो. थबकतो. आभाळाकडे पाहतो आणि परत आत जाऊन छत्री घेऊन येतो. झाले! याच अपूला शाळेत पाठवताना आई आणि बहीण मिळून सजवीत असत, त्याचा भांग पाडून देत असत. आज ‘अरे, छत्री घे’ असे सांगायलाही कोणी नाही. ज्या पावसाने बहीण नेली, त्या पावसाची खूण पोराने आपली आपण ओळखली. अश्रू नाहीत, संवाद नाही. एका छत्रीने बाळपण संपल्याचे सांगितले.

पुढची गोष्ट माळेची. शेजारच्या मुलीची मण्यांची माळ दुर्गेने चोरल्याचा आळ आलेला असतो. दुर्गा कानांवर हात ठेवते, तरी आई तिला झोडपून काढते. बहीण गेल्यावर, घर सोडण्याची आवराआवर करताना, अपूच्या हाती नेमकी तीच माळ लागते. तो धावत जातो आणि ती तळ्यात फेकून देतो. पाण्यावरचे शेवाळ क्षणभर फाकते, आतले काळे पाणी दिसते. मग ते शेवाळ हळूहळू पुन्हा मिटते. कादंबरीत वस्तू वेगळी आहे आणि अपू ती बांबूच्या बनात भिरकावतो. राय यांनी तळे निवडले. बनात टाकलेली वस्तू पुन्हा कोणाला सापडेल. तळे मात्र तोंड मिटून घेते. दुर्गेची चोरी अपूला कळली, आपल्याला कळली. आईला कधीच कळणार नाही. मेलेल्या बहिणीची अब्रू राखण्याचे काम त्या एवढ्याशा पोराने आणि त्या शेवाळाने केले!

कुटुंब बैलगाडीतून काशीला निघते. मागे रिकाम्या घरात एक साप सरपटत शिरतो. वर्गात मी नेहमीच्या थाटात विचारले, “हा साप कशाचे प्रतीक?” कोणी मृत्यू म्हणाले, कोणी नियती. मागच्या बाकावरचा खेड्यातून आलेला एक मुलगा जरा वेळाने उठला आणि म्हणाला, “सर, घरात माणसाचा वावर थांबला की साप येतोच. आम्ही गाव सोडल्यावर आमच्याही घरात निघाला होता.”

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. आम्ही सारे अर्थ शोधीत होतो. त्याने साप पाहिला होता. आणि त्या सापामागे त्याला आपली विझलेली चूल दिसत होती. मृत्यू, नियती हे अर्थ खोटे नव्हेत. पण ते उभे राहतात ते या साध्या सत्याच्या जोत्यावर. वस्तू आधी घरातली असावी लागते, मगच ती काळजातली होते.

तेव्हा पुढच्या वेळी चित्रपट पाहताना ‘याचा अर्थ काय’ असे घाईने विचारू नये. ही वस्तू इथे कशी आली, रोज कोणाच्या हाती असते, आज कोणाच्या हाती नाही, एवढेच पाहावे. अर्थ आपल्या पायांनी चालत येतो.

आपल्यापैकी कितीतरी जणांचे गावाकडचे घर आज कुलपात आहे. या दिवाळीत शहरातल्या दारी पणती लावताना त्या बंद दाराची एकदा तरी आठवण झाली, तर रायसाहेबांचा तो साप आपल्याला निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.