तंबाखूचे संस्करण

शेतातून काढलेल्या तंबाखूच्या हिरव्या पानातील पाणी ठराविक गतीने कमी करीत असतानाच त्यात इष्ट रासायनिक बदल घडवून आणण्याच्या क्रियेला संस्करण म्हणतात. ताज्या पानात सु. ८० ते ९० टक्के पाणी असते. व्यवहारात या क्रियेला तंबाखू वाळविणे असेच म्हणतात. परंतु ती केवळ वाळवण नव्हे. हिरवे पान कडक उष्णतेत झटपट वाळविले, तर ते हिरवेच राहते, त्यातील स्टार्च व प्रथिने बव्हंशी तशीच राहतात आणि त्याचा धूर उग्र व बेचव लागतो. उलट तेच पान ओलसर ढिगात पडू दिले, तर काळे पडून कुजते. तोडलेल्या पानाला किती काळ जिवंत ठेवावयाचे आणि कोणत्या क्षणी मारावयाचे, हा संस्करणाचा खरा प्रश्न आहे. सिगारेटची पिवळी, चिरुटाची तपकिरी व विडीची ठिपकेदार तंबाखू यांत वाण आणि जमीन यांमुळे फरक पडतो हे खरे. पण तितकाच फरक या प्रश्नाच्या निरनिराळ्या उत्तरांमुळे पडतो.

पानातील बदल : तोडल्यानंतरही पानाच्या कोशिका (पेशी) काही दिवस जिवंत असतात. मुळांकडून होणारा पुरवठा तुटल्यामुळे पान उपासमारीच्या अवस्थेत जाते आणि स्वतःचाच साठा वापरू लागते. व्हर्जिनिया प्रकारच्या पक्व पानाच्या शुष्क वजनात २५ टक्क्यांहून अधिक स्टार्च असू शकतो. एंझाइमांच्या (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या) क्रियेने त्याचे शर्करेत रूपांतर होते. प्रथिनांचे विघटन होऊन ॲमिनो अम्ले तयार होतात. हरितद्रव्य नाहीसे होते आणि त्याखाली झाकलेली कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये उघडी पडून पान पिवळे दिसू लागते. हा पिवळा रंग नव्याने तयार होत नाही. तो पानात प्रथमपासूनच असतो. पुढे याच कॅरोटिनॉइडांच्या विघटनातून आयोनोन, डमॅस्केनोन यांसारखी सुवासिक संयुगे निर्माण होतात.

पान याहून अधिक काळ जिवंत राहिले, तर शर्करा श्वसनात खर्ची पडते. कोशिका मोडल्या आणि पानात पाणी शिल्लक असले, तर क्लोरोजेनिक अम्ल व रूटीन या पॉलिफिनॉलांचे ऑक्सिडीकरण होऊन तपकिरी रंग येतो. चिरून ठेवलेले वांगे काळे पडते ते याच जातीच्या विक्रियेमुळे. म्हणजे पान पिवळे होताच ते कोरडे केले, तर शर्करा व पिवळा रंग टिकतो. रेंगाळू दिले, तर दोन्ही जातात आणि वेगळ्याच गुणांची तंबाखू मिळते.

निकोटीन : हे तंबाखूतील प्रमुख अल्कलॉइड १८२८ मध्ये हायडल्‌बर्ग येथे पोसेल्ट व राइमान यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते मुळांत तयार होऊन पानांत साठते. तंबाखूच्या खुंटावर टोमॅटोचे कलम केल्यास टोमॅटोच्या पानांतही निकोटीन आढळते. पानात ते मुख्यतः मॅलिक व सायट्रिक अम्लांच्या लवणांच्या रूपात असते व त्याचा उकळबिंदू सु. २४७° से. आहे. त्यामुळे संस्करणात त्याची फारशी हानी होत नाही. उलट श्वसनामुळे पानाचे शुष्क वजन घटते, म्हणून निकोटिनाचे शेकडा प्रमाण क्वचित वाढलेलेही दिसते. तंबाखूचा कडकपणा वाळविण्याच्या हातोटीवर अवलंबून असतो, ही समजूत म्हणूनच अर्धीच खरी आहे. तो मुख्यत्वे शेतातच ठरतो. वाण, नायट्रोजनयुक्त खत आणि शेंडा व बगलफूट खुडणे यांवर. निकोटीन लक्षणीय प्रमाणात घटते ते नंतरच्या किण्वनात (आंबविण्याच्या क्रियेत).

भट्टी-संस्करण : या पद्धतीचा उगम अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या कॅस्वेल परगण्यात १८३९ साली झाला, असे परंपरेने सांगितले जाते. ॲबिशा स्लेड या शेतकऱ्याचा स्टीफन नावाचा गुलाम रात्री कोठीतील विस्तवाची राखण करीत असता त्याला झोप लागली. जाग आली तेव्हा विस्तव विझत आला होता. त्याने धावपळीने लोणारी कोळसा आणून टाकला व उष्णता एकदम वाढविली. पाने लखलखीत पिवळी निघाली आणि त्यांना चढा भाव आला. स्टीफनच्या हातून जे घडले ते वरील विवेचनावरून समजू शकते : पान पिवळे होऊन चुकले होते आणि तपकिरी होण्यापूर्वीच ते कोरडे झाले.

आजच्या पद्धतीत काठ्यांवर ओवलेली किंवा चौकटीत रचलेली पाने बंद कोठीत टांगतात. भट्टीतील धूर नळांतून बाहेर जातो व पानांना फक्त उष्णता मिळते. पहिल्या टप्प्यात तापमान सु. ३५° ते ४०° से. व हवा दमट ठेवून पान पिवळे करतात. याला एक ते अडीच दिवस लागतात. दुसऱ्या टप्प्यात झरोके उघडून तापमान हळूहळू सु. ५५° से.पर्यंत नेतात व पानाचा पातळ भाग वाळवितात. घाईने तापमान चढविल्यास पान हिरवट राहून भाजते आणि ओलावा बाहेर काढण्यास उशीर झाल्यास ते तपकिरी होते. अनुभवी कारागिराचे कसब याच टप्प्यात दिसते. शेवटी सु. ७०° ते ७४° से.ला जाड मध्यशीर वाळते. याहून तापमान वाढल्यास शर्करा करपून पान तांबूस होते. सर्व क्रिया पाच ते सात दिवसांत संपते. भारतात ही तंबाखू १९२० नंतरच्या काळात आंध्रातील गुंटूर भागात रुजली व पुढे कर्नाटकातही पसरली. एक किग्रॅ. वाळलेल्या पानामागे कित्येक किग्रॅ. सरपण जळते, हा या पद्धतीचा मोठा दोष आहे.

इतर पद्धती : बर्ली तंबाखू हवेशीर छपरांत चार ते आठ आठवडे टांगून ठेवतात. तिच्यातील शर्करा जवळजवळ संपते व पान तपकिरी, सच्छिद्र होते. केंटकी व टेनेसी येथील काही प्रकार लाकडाच्या मोकळ्या धुरात वाळवितात. तुर्कस्तान, ग्रीस इ. देशांतील लहान पानांची तंबाखू माळा करून उन्हात वाळवितात.

विडीच्या तंबाखूचेही संस्करण उन्हातच होते. गुजरातेतील चरोतर आणि कर्नाटकातील निपाणी व त्याला लागून असलेला कोल्हापूर-सांगलीचा भाग हे तिचे प्रसिद्ध पट्टे आहेत. निपाणी भागात झाड बुंध्याशी कापून शेतातच पसरतात व उलटेपालटे करतात. दिवसाचे ऊन व रात्रीचे दव यांचा आळीपाळीने परिणाम होतो. वाळलेले पान दवाने नरम असतानाच हाताळावे लागते, नाहीतर त्याचा चुरा होतो. पानावरील तपकिरी ठिपके ही चांगल्या मालाची खूण मानतात. येथे भट्टीसारखे नियंत्रण नसते. अवकाळी पावसाची एक सर सगळा माल बिघडवू शकते. शिवाय प्रत डोळ्यांनी व हातांनीच जोखली जाते. भावाच्या प्रश्नावर निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन केले. त्यात पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. पुढे वखारीत हा माल कुटून-चाळून प्रतवारी करण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करीत आल्या आहेत व त्यातील धुळीचा त्रास त्यांनाच भोगावा लागतो.

अनिष्ट संयुगे : संस्करणाने केवळ इष्ट तेच पदरात पडते, असे नाही. एनएनएन व एनएनके ही तंबाखूतील विशिष्ट नायट्रोसामाइने हिरव्या पानात जवळजवळ नसतात. ती संस्करणात व साठवणीत तयार होतात. पान दमट स्थितीत रेंगाळले म्हणजे सूक्ष्मजंतू नायट्रेटाचे नायट्राइटात रूपांतर करतात व त्याची अल्कलॉइडांशी विक्रिया होते. ज्या संथपणामुळे बर्लीला तिचा स्वाद मिळतो, त्याच संथपणात ही विषेही वाढतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या दोन्ही संयुगांचा मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या गटात समावेश केला आहे. तंबाखू जळताना निर्माण होणारी इतर घातक द्रव्ये मात्र संस्करणात कितीही सुधारणा केली, तरी टळत नाहीत.

भट्टी-संस्करणात ही संयुगे मुळात थोडी असत. अमेरिकेत कोठ्यांमध्ये वायूचे ज्वालक थेट बसविले गेले, तेव्हा ज्वलनातील नायट्रोजन ऑक्साइडे पानांपर्यंत पोहोचू लागली व प्रमाण वाढले. कारण ध्यानात आल्यावर २००० च्या सुमारास तेथे उष्णता-विनिमयक बसविण्यात आले; ज्वलनवायू पुन्हा नळांतून बाहेर जाऊ लागले आणि नायट्रोसामाइने पुष्कळ घटली. छपरात वाळणाऱ्या बर्लीच्या बाबतीत असा सरळ उपाय नाही. तेथे नायट्रोजनयुक्त खत बेताने देणे, छपरातील हवा खेळती ठेवणे आणि निकोटिनाचे नॉरनिकोटिनात रूपांतर कमी करणारी झाडे निवडून त्यांचेच बी वापरणे, हे मार्ग अवलंबिले जातात.