उंचावरची हाक : हौशी बिनतारी केंद्रांचे जोडजाळे

कन्हान, पेंच व कोलार या तीन नद्यांचा संगम कामठीनजीक बिना येथे होतो. या नद्यांचे पाणी सातपुड्याच्या अंगाने खाली येते. पेंच नदीवर प्रथम मध्यप्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यातील चौराईचे धरण, नंतर तोतलाडोह व त्याखाली पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरीचे धरण आहे. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले म्हणजे त्या पाण्याची वार्ता काठच्या शेतकऱ्यास पाण्याच्या आधी मिळणे अगत्याचे असते. १९९१ साली ३० जुलै रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातील मोवाड गाव उद्ध्वस्त केले व दोनशेहून अधिक माणसे दगावली. २०२० च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस छिंदवाड्याकडील अतिवृष्टीमुळे पेंच व कन्हान यांना मोठा पूर आला, तेव्हा पारशिवनी, कामठी व मौदा या तालुक्यांतील नदीकाठच्या गावांना त्याची झळ पोहोचली. अशा प्रसंगी निरोप वेळेवर पोहोचविण्याच्या साधनांपैकी एक साधन, म्हणजे हौशी बिनतारी मंडळांची जोडलेली रिपीटर केंद्रे, कसे काम करते याची माहिती येथे दिली आहे.

हौशी बिनतारी संदेशवहन म्हणजे सरकारी परवाना घेऊन, कोणताही मोबदला न घेता, केवळ अभ्यास व सेवा यांसाठी केलेले संदेशवहन होय. हा परवाना केंद्र सरकारचे दूरसंचार खाते देते आणि तत्पूर्वी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. परवानाधारकास स्वतःचे संकेतनाम मिळते व भारतातील बहुतेक संकेतनामे ‘व्ही यू’ या अक्षरांनी सुरू होतात. या लहरींवर व्यापाराची भाषा चालत नाही. संत्र्याचा भाव, कापसाची आवक अगर अडत्याचा निरोप त्यावरून पाठविता येणार नाही, हे शेतकरी बंधूंनी प्रथमच ध्यानात घ्यावे. ज्यांना तेवढ्यासाठीच यंत्र हवे असेल त्यांच्यासाठी हा मार्ग नव्हे.

आता मुख्य अडचण पाहू. हातात धरावयाच्या लहान यंत्राच्या लहरी, विशेषतः १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील, जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी वाटोळी असल्याने काही अंतरानंतर जमीनच आड येते. हे अंतर काढण्याची सोपी रीत आहे. एरियलची मीटरमधील उंची घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे व त्यास ४.१ ने गुणावे, म्हणजे साधारण किलोमीटर मिळतात. माणसाच्या हातातील यंत्र दीड मीटर उंचीवर असते, म्हणून त्याचे क्षितिज सुमारे ५ किलोमीटर. समोरच्याचेही तितकेच. दोन्ही मिळून १० किलोमीटर झाले, परंतु हा हिशेब उघड्या सपाट जमिनीचा आहे. आमराई, घरे, नदीची दरड यांमुळे प्रत्यक्षात यापेक्षा पुष्कळच कमी पल्ला पडतो. कन्हानच्या पात्रालगत खोलात उभ्या असलेल्या माणसाचा आवाज पलीकडच्या गावापर्यंतही न जाणे शक्य आहे.

पिकाची राखण करणारा गडी जमिनीवरून ओरडला तर दोन शेतांपलीकडे ऐकू जात नाही, परंतु मचाणावरचा राखणदार ती हाक ऐकून पुढे देतो. रिपीटर म्हणजे हाच मचाणावरचा राखणदार होय. डोंगरमाथ्यावर अगर उंच मनोऱ्यावर बसविलेले हे यंत्र एका कंपनसंख्येवर दुर्बळ आवाज ग्रहण करते व त्याच क्षणी दुसऱ्या कंपनसंख्येवर अधिक जोराने बाहेर टाकते. मैदानापासून १०० मीटर उंचीवरील एरियलचे क्षितिज ४१ किलोमीटर भरते. त्यात हातातील यंत्राचे ५ मिळविले की ४६ किलोमीटर होतात. कामठी ते रामटेक हे अंतर सरळ रेषेत २५ किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे रामटेकच्या टेकडीसारख्या उंचीवर एक केंद्र असल्यास कामठी, मौदा व नागपूर शहराचा बराच भाग त्याच्या आवाक्यात यावा. हे केवळ समजावून देण्यासाठी घेतलेले उदाहरण आहे, प्रत्यक्ष जागा निवडताना मोजणी करावीच लागते. दक्षिणेत कोडाईकनाल व येरकाड येथील केंद्रांनी हाच डोंगरउंचीचा लाभ घेतलेला आहे.

एकाच वेळी ऐकणे व बोलणे ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. यंत्राचा स्वतःचा मोठा आवाज त्याच्याच कानावर आदळून तो बधिर होऊ शकतो. यासाठी वरील पट्ट्यात ऐकण्याची व बोलण्याची कंपनसंख्या सामान्यतः ६०० किलोहर्ट्झने वेगळी ठेवतात, आणि डुप्लेक्सर नावाची धातूची नळकांडी बसवून दोहोंची सरमिसळ थांबवितात. शिवाय भलत्या खरखरीने केंद्र जागे होऊ नये म्हणून बोलणाऱ्याच्या यंत्रातून एक मंद स्वर सतत सोडला जातो. तो कानास सहसा जाणवत नाही, परंतु केंद्र त्यास ओळखते व त्यावाचून दार उघडत नाही.

एवढ्याने सर्व काम भागत नाही. तोतलाडोह हे स्थान डोंगररानात आहे. मधल्या टेकड्यांमुळे तेथील आवाज मैदानावरील केंद्रास पोहोचेलच असे नाही. अशा वेळी डोंगराळ भागात दुसरे केंद्र उभारून ते पहिल्याशी जोडतात. जोडणी बहुधा ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झच्या निराळ्या पट्ट्यावर, एकमेकांकडे रोखलेल्या एरियलने करतात. मग एका केंद्रावर बोललेला शब्द सर्व केंद्रांवर एकदमच ऐकू येतो. काही देशांत इंटरनेटद्वारेही अशी जोडणी करतात व ती स्वस्त पडते. परंतु पुरात तार तुटली की ती जोडणीही तुटते. म्हणून आपत्तीसाठी लहरींचीच जोडणी श्रेष्ठ मानावी.

जोडजाळ्याचे दोषही सांगितले पाहिजेत. केंद्रे साखळीप्रमाणे एकापुढे एक जोडली असता मधले एक बंद पडले की जाळ्याचे दोन तुकडे होतात. एका केंद्रात खरखर शिरली तर ती सर्वत्र पसरते. आणि सर्वांत मोठी मर्यादा अशी की, सबंध जाळ्यावर एका वेळी एकानेच बोलावयाचे असते. एकाने बटण दाबून धरले तर चार तालुके मुके होतात. यावर उपाय म्हणून ठरावीक मिनिटांनंतर आपोआप बोलणे तोडणारे घड्याळ केंद्रात बसवितात. तरीही खरा उपाय शिस्तीचाच आहे.

भ्रमणध्वनी असता हा खटाटोप कशास, असा प्रश्न सहज पडेल. भ्रमणध्वनीचा मनोराही याच तत्त्वावर चालतो. परंतु वीज दीर्घकाळ गेली की त्याची बॅटरी संपते, आणि संकटकाळी सर्वजण एकदम बोलू लागल्याने मार्ग कोंडतो. शिवाय तेथे एकाचे बोलणे एकासच कळते. रिपीटरवरील बोलणे चावडीवरच्या बोलण्यासारखे असते. लातूर-उस्मानाबाद भागातील १९९३ च्या व गुजरातेतील २००१ च्या भूकंपांत हौशी मंडळींनी निरोपांची सेवा केली. २६ डिसेंबर २००४ रोजी अंदमानात सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी पथक पोर्ट ब्लेअर येथेच होते आणि त्याने तेथून बाहेरच्या जगाशी संपर्क राखला. मात्र अंदमानातून मुख्य भूमीशी बोलण्यासाठी रिपीटर उपयोगी नव्हते. तेथे दूर पल्ल्याच्या लघुलहरी लागतात. दोन्ही साधनांचे काम निराळे आहे.

डोंगरावरील केंद्राचा जीव त्याच्या विजेत असतो. साधारण २५ वॅटचे केंद्र बोलताना सुमारे ७ अँपिअर व नुसते ऐकताना पाऊण अँपिअर वीज घेते असे धरू. चौथा हिस्सा वेळ बोलणे चालले तर सरासरी सव्वादोन अँपिअर खर्च पडतो. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्मीच वापरावी हे बरे, म्हणजे ती जेमतेम २२ तास पुरेल. सौर पट्टी बसविली तरी पुराच्या दिवसांत आभाळ झाकलेले असते, हे विसरून चालणार नाही. निदान तीन दिवसांची तजवीज असावी. त्यासाठी बॅटऱ्या तिप्पट-चौपट लागतील व खर्चाचा मोठा वाटा तेथेच जाईल.

विदर्भात वळवाच्या पावसात विजा फार पडतात. मनोऱ्याची जमिनीशी जोडणी जाड पट्टीने, ओल टिकेल अशा खड्ड्यात केलेली असावी. मे महिन्यात एरियलच्या तारेचे सांधे उघडून पाहावेत, कारण पाणी बहुधा तेथूनच शिरते. बॅटरीच्या टोकांवरील पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवावी व त्यास व्हॅसलीन लावावे. आठवड्यातून एक दिवस ठरलेल्या वेळी सर्व परवानाधारकांनी केंद्रावर हजेरी द्यावी. या हजेरीतच कोणाचे यंत्र बिघडले आहे व कोणता भाग ऐकू येत नाही हे उघडकीस येते. ज्या गावात परवानाधारक नाही तेथे निरोप पोलीस पाटील अगर कोतवाल यांच्याकडे कोण नेणार, हेही त्याच वेळी नावानिशी ठरवून घ्यावे.