ब्रोखूफ: ब्झुरा नदीकाठचं किल्ल्यासारखं चर्च

संगीतकार फ्रेडरिक शोपँचे पोलंडला जाणारे चाहते झेलाझोवा वोलातलं त्याचं जन्मघर पाहून थेट वॉर्साला परततात. माझं आग्रहाचं सांगणं, जवळच्या ब्रोखूफला जाऊन याच.

ब्झुरा नदीकाठच्या या छोट्याशा गावात लाल विटांचं, तीन गोल बुरुजांचं चर्च आहे. सोळाव्या शतकात, साधारण १५५१ ते १५६१ दरम्यान, व्हेनिसहून आलेल्या यान बाप्टिस्टा या स्थपतीने त्याला आजचं रूप दिलं. भोवती तटबंदी, म्हणजे देऊळ आणि गढी एकाच जागी! आत गेलात की मान वर करा: अर्धगोलाकार छतभर वर्तुळांची नक्षी आहे. मला ती बुरुजांपेक्षाही देखणी वाटते.

शोपँच्या आईवडिलांचं लग्न इथेच झालं, १८०६ मध्ये. २३ एप्रिल १८१० रोजी बाळ फ्रेडरिकचा बाप्तिस्माही इथलाच. त्या नोंदीत जन्मतारीख २२ फेब्रुवारी आहे, घरचे मात्र १ मार्च मानत. हा घोळ आजही सुटलेला नाही. थोरली बहीण लुडविकाही १८३२ मध्ये इथेच बोहल्यावर चढली.

पहिल्या महायुद्धात चर्चची भयंकर पडझड झाली. ते पुन्हा उभारलं, तर १९३९ च्या सप्टेंबरात ब्झुराची मोठी लढाई याच परिसरात पेटली. पुन्हा नुकसान, पुन्हा डागडुजी.