एका सर्व्हरवरचे तीन कंटेनर

गव्हाण फाट्यावर उभं राहिलं की न्हावा शेव्याकडे जाणारे ट्रेलर दिसत राहतात. 26 मे 1989 रोजी तिथल्या जवाहरलाल नेहरू बंदराचं उद्घाटन झालं आणि शेती-मिठागरांचा हा पट्टा हळूहळू कंटेनरचा झाला. पेटी 20 फुटी किंवा 40 फुटी. आत औषधं असोत की कापड, क्रेनला फरक पडत नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांनी नेमकी हीच सोय उचलली. 2013 साली डॉकर आलं. त्याच्या बोधचिन्हातला देवमासा पाठीवर कंटेनरच वाहतो. प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी एका पेटीत बंद केल्या, की लॅपटॉपवर चाललेली पेटी सर्व्हरवरही तशीच चालते.

एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या गाड्यांच्या फेऱ्या नोंदवणारी वेबसाइट घ्या. तिला तीन कंटेनर पुरतात. दाराशी प्रॉक्सी, बहुतेकदा एन्जिनएक्स. इगोर सिसोयेव्ह यांनी 2004 साली ते सर्वांसाठी खुलं केलं. बाहेरून दिसतात ते फक्त याचे 80 आणि 443 हे पोर्ट. त्यामागे ॲप आणि सगळ्यात आत पोस्टग्रेस डेटाबेस. त्याचा 5432 पोर्ट बाहेर उघडायचाच नाही. ॲपला तो आतल्या नेटवर्कवर नावानेच सापडतो. तपासणीपुरता म्हणून उघडलेला हा पोर्ट पुढे तसाच राहतो, आणि लोकांची माहिती सांभाळणाऱ्याने एवढा हलगर्जीपणा करणं मला अक्षम्य वाटतं.

तिघांचा कारभार डॉकरच्याच कंपोझ या साधनाच्या एका फाइलमध्ये लिहिलेला असतो. ‘डॉकर कंपोझ अप’ म्हटलं की तिघे उठतात. खरी अडचण इथेच येते. पोस्टग्रेसचा कंटेनर सुरू झाला म्हणजे पोस्टग्रेस कामाला तयार झालं असं नव्हे. ॲप घाईने कनेक्शन मागतं, कोसळतं, आणि लोकांच्या स्क्रीनवर 502 हा एरर झळकतो. म्हणून डेटाबेसला हेल्थचेक लावायचा आणि तो पास होईपर्यंत ॲपला थांबवायचं.

कंटेनर कधीही मोडून नवा उभा करता येतो, आतल्या नोंदी नाही. त्या व्हॉल्यूममध्ये, म्हणजे पेटीबाहेरच्या जागेत ठेवतात. ‘डॉकर कंपोझ डाउन’ने व्हॉल्यूम शाबूत राहतो, त्यापुढे ‘-व्ही’ (रोमन लिपीतलं) जोडलं की तोही जातो.

नोंदी गेल्या की काय होतं, हे गव्हाणच्या शेजारच्या बंदराने पाहिलं आहे. जून 2017 मध्ये नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं आणि तिच्या इथल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचं काम अडलं. क्रेन धड होत्या, माल जागेवर होता. कोणती पेटी कुणाची आणि कुठे जायची, हे सांगणारी यंत्रणा बंद होती. दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभारल्याचं मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे सांगितलं. सगळ्या नेटवर्कची ओळख जपणाऱ्या डोमेन कंट्रोलरची धड प्रत मिळाली ती घानाच्या ऑफिसात. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून ती वाचली.

आपले तीन कंटेनर ज्या सर्व्हरवर चालतात, त्याच्याच डिस्कवर व्हॉल्यूमही असतो. सर्व्हर गेला की तोही गेला. त्यामुळे डेटाबेसचा रोजचा डंप दुसऱ्या ठिकाणी जायला हवा, आणि तो अधूनमधून कोऱ्या कंटेनरमध्ये रिस्टोअर करून कालच्या फेऱ्या त्यात दिसतात का, हे पाहायला हवं.