काळ्या पडद्यावर (भाग ७) : ५६ अंशांचं काय करायचं?

आज्ञेला आर्ग्युमेंट्स कशी द्यायची ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज उलट बाजू: वापरणाऱ्यानं भलतंच काही दिलं, तर प्रोग्रामनं काय करावं?

नागपूरकरांना ३० मे २०२४ आठवत असेल. रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं त्या दिवशी ५६ अंश तापमान दाखवलं आणि आकडा देशभर गेला. पुढे हवामान खात्यानं सेन्सरमधला दोष सांगून तो आकडा चुकीचा ठरवला. भारतातला अधिकृत उच्चांक आहे ५१ अंश. राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ चा.

समजा, तापमान नोंदवणारा एक छोटा प्रोग्राम तुम्ही लिहिलात. आकड्याच्या जागी कुणी 'ऊन' असा शब्द दिला, तर तो सरळ नाकारायचा. ५६ चं तसं नाही. तो रीतसर आकडा आहे, फक्त विश्वास बसण्यासारखा नाही. हे दोन प्रकार वेगळे आहेत आणि बहुतेक नवशिके प्रोग्रामर त्यांना एकाच चाळणीतून काढतात.

आधी पहिला प्रकार. नाकारायचं तर कामाला हात घालण्यापूर्वी. दहा फाइलींची नावं बदलायची असतील आणि सातवं नाव चुकीचं असेल, तर सहा बदलून थांबणारा प्रोग्राम माणसाला अर्ध्या वाटेत सोडतो. नुसतं 'चुकीचं इनपुट' म्हणू नये. कोणतं आर्ग्युमेंट, काय मिळालं, काय हवं होतं, हे तिन्ही सांगावं. हा संदेश स्टँडर्ड एररवरच जायला हवा. तो नेहमीच्या आउटपुटमध्ये मिसळला, तर पाइपच्या पलीकडचा प्रोग्राम त्यालाच डेटा समजून गिळतो. शिवाय एक्झिट कोड शून्य नसावा. ग्रेप ही आज्ञा मजकूर सापडला नाही तर १ आणि काही चुकलं तर २ देते, म्हणून स्क्रिप्टला दोन्हींतला फरक कळतो.

आपल्याकडची एक खास अडचण देवनागरी अंकांची. ग्नूच्या हेड आज्ञेला ओळींची संख्या देवनागरीत दिली, तर ती अवैध म्हणून परत येते. पायथनचं इंट मात्र तोच आकडा बिनतक्रार स्वीकारतं. मला पायथनचं वागणं पटतं, कारण देवनागरी वीसचा दुसरा अर्थच निघत नाही. मराठी माणसांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यानं एवढी मोकळीक ठेवावीच.

व्हॉट्सअ‍ॅप किंवा वर्डमधून उचललेल्या आज्ञेत मात्र दोन हायफनांची कधी कधी एक लांब रेघ झालेली असते. प्रोग्राम तिला फाइलीचं नाव समजतो आणि 'अशी फाइल नाही' म्हणतो. विद्यार्थी मग नसलेली फाइल शोधत बसतो. आर्ग्युमेंटची सुरुवात अशा रेघेनं झाली, तर 'इथं दोन हायफन हवे होते का?' असं विचारणं दोन ओळींचं काम आहे. गिट हेच करतं: उपआज्ञेचं स्पेलिंग चुकलं की जवळचं नाव सुचवतं, पण आपण सांगितल्याशिवाय ते चालवत नाही.

आता दुसरा प्रकार, ५६ चा. इथं प्रोग्रामनं थांबावं, कारण सांगावं आणि 'तरीही कर' म्हणण्याचा वेगळा, मुद्दाम लिहावा लागेल असा पर्याय ठेवावा. ग्नूची आरएम आज्ञा मूळ डिरेक्टरी सरसकट पुसायला सांगितली तर नकार देते. त्यासाठीचा पर्याय इतका लांबलचक आहे की तो चुकून टाइप होत नाही.

असा अटकाव नसण्याची किंमत २८ फेब्रुवारी २०१७ ला दिसली. अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या साठवण सेवेतले थोडे सर्व्हर बाजूला काढायचे होते. आज्ञेतली एक नोंद चुकली, प्रोग्रामला ती वैधच वाटली आणि ठरल्यापेक्षा खूप जास्त सर्व्हर निघाले. उत्तर व्हर्जिनिया विभागातली सेवा पूर्ववत व्हायला चार तासांहून अधिक वेळ लागला. अ‍ॅमेझॉननं नंतर त्या साधनात दोन बदल केले: सर्व्हर सावकाश काढायचे आणि एखाद्या उपप्रणालीची क्षमता किमान गरजेखाली जाणार असेल तर आज्ञाच मानायची नाही.

पुढच्या भागात: मदतीचा मजकूर कसा लिहावा.